जावयानं मागितलेली घोंगडी

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, "मास्तर, चाळीस वर्षं कपडे शिवलेत, काहीतरी लिहा." मी आधी नाहीच म्हणालो. शिंप्यानं लिहायचं काय? गिऱ्हाइकांची मापं चारचौघांत सांगायची नसतात, आणि आमच्याकडच्या पुरुषांची तर सांगण्यासारखीही नसतात. पण आमची मंडळी म्हणाली, "लिहा की. दिवसभर मला सांगता तेच लिहा, माझे कान तरी सुटतील." तेव्हा हा लेख कुणाला आवडला नाही, तर तक्रार तिच्याकडे करावी.

नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान होतं. फक्त पुरुषांचे कपडे. लोकांना वाटतं, माप घेणं म्हणजे टेप लावणं. अहो, टेप तर कुणीही लावील! पोटाला टेप लागला की पुरुष श्वास आत ओढतो. सरपंच असो नाहीतर हमाल, ओढतोच. त्या मापानं शिवलं तर महिन्याभरात बटण तुटून समोरच्याच्या डोळ्यात. म्हणून मी टेप लावला की विचारायचो, "काय हो, टोमॅटोला काय भाव निघाला आज?" भाव पडलेला असला की माणूस सुस्कारा सोडायचा, चढलेला असला की बढाई मारायला तोंड उघडायचा. दोन्हीत पोट बाहेर. तेवढ्यात मी आकडा वाचून घ्यायचो.

गिऱ्हाइकंही एकेक नमुने. टोमॅटोचा एक आडत्या बंडीला नऊ खिसे लावून घ्यायचा, त्यातला एक चोरखिसा इतका चोर की पुढं त्यालाच सापडेना. दुकानात येऊन बंडी काढून दिली, "मास्तर, तुमीच शोधा." आहुप्याचे एक बाबा तीन जीपा बदलून यायचे आणि जुनी बंडी पुढं टाकून म्हणायचे, "हिच्यासारखीच शिव." एकदा मी तशीच्या तशी शिवून दिली, तर आठ दिवसांनी परत हजर. म्हणाले, "जुनीचा उजवा खिसा फाटका व्हता. त्यातनं हात घालून पोट खाजवता यायचं. ह्याच्यात न्हाई येत." दिला बाबा खिसा फाडून! शिवलेलं फाडायला लावणारं ते एकच गिऱ्हाईक, असं मी तेव्हा समजत होतो.

पण लिहायला बसलोय ते डिंगोऱ्याच्या भागूजीभाऊंच्या लग्नाबद्दल. म्हणजे त्यांच्या मुलीच्या. दुकान बंद करायच्या आधीच्या वैशाखातली गोष्ट.

भागूजीभाऊंचं मेंढरं राखणारं घराणं. भाऊबंद शेतीत आणि नोकऱ्यांत गेले, यांनी मात्र पन्नास-साठ मेंढरं अजून ठेवलीत. माणूस लई गरीब स्वभावाचा. दुकानात आले तरी उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहणार, मी दोनदा "या" म्हटल्याशिवाय आत नाही. त्यांची मुलगी रुपाली कॉलेज शिकलेली, आणि तिचं लग्न ठरलं होतं मंचरच्या आकाशशी. आकाश चाकणला कंपनीत. त्याचे वडील बबनराव टेम्पोंचे मालक. त्यांच्याही घरात पूर्वी मेंढरं होती, पण ते कुणी काढलेलं बबनरावांना खपत नसे.

आमच्याकडे नवरीचा शालू मुलाकडच्यांनी करायचा आणि नवरदेवाचा पोशाख मुलीच्या बापानं. लग्नादिवशी नवरदेव आधी गावच्या मारुतीच्या देवळात उतरतो, तिथं मुलीकडची माणसं त्याला तो पोशाख चढवतात आणि मग वाजतगाजत मांडवात आणतात. म्हणजे शिंप्याची परीक्षा मारुतीसमोर आणि निकाल अख्ख्या गावासमोर.

तर एका सकाळी भागूजीभाऊ आले आणि पहिल्यांदाच न बोलावता आत शिरले. मोबाईल माझ्यापुढं धरला. "मास्तर, जावयानं फोटू धाडलाय. म्हणला, असा पोशाख पायजे."

मी चष्मा लावला. परदेशात कुठंसा सिनेमावाल्यांचा जलसा असतो, लाल गालिचा अंथरतात आणि त्यावरून नटनट्या मिरवतात. त्या गालिच्यावर आपला एक हिंदीतला हिरो उभा. अंगात काळा लांब कोट, त्यावर काळा झगा. झग्याचे खांदे कानापर्यंत उठलेले, छातीवर साखळ्या लोंबणारा भलामोठा बिल्ला, आणि मागं दोन पुरुष लांबीचं शेपूट पसरलेलं, त्याला पांढरी किनार. मी मनात म्हटलं, मेलो!

"भाऊ, हे जरा..."

"घोंगडीच हाय की!" भागूजीभाऊ म्हणाले. "काळी, पांढऱ्या काठाची. मास्तर, खरं सांगू? मला भ्या वाटत व्हतं. पोरगं शिकल्यालं, कंपनीतलं, त्याला मेंढरावाल्याची लाज वाटंल. आन बघा, त्यानं मागितलं काय? घोंगडी!" एवढं बोलून त्यांनी टोपी काढली आणि टोपीनंच डोळे पुसले.

आता इथं डिंगोऱ्याच्या वाचकांना हात जोडून विनंती, की हा पुढचा परिच्छेद भागूजीभाऊंना वाचून दाखवू नये. फोटोत मखमल होती. मी फोटो मोठा करून बघितला, कापडाची चकाकी स्पष्ट दिसत होती. शिंप्याला एवढंही कळू नये? कळलं होतं. पण तो माणूस इतका खूश होता की माझी जीभ उचलली नाही. आणि अगदी खरं सांगायचं तर मला मोहही पडला. आयुष्यभर सफारी आणि बंड्या शिवल्या, एकदा तरी असला झगा आपल्या हातून व्हावा असं वाटलं. तर मी गप्प बसलो. चूक माझी.

नाही म्हणायला मी जावयाला फोन केला. कोटासाठी माप विचारलं.

"मीडियम," आकाश म्हणाला.

"मीडियम काय? छाती सांग, खांदा सांग, बाही सांग."

"काका, मीडियमच बसतं मला सगळं."

चाळीस वर्षांत मी एकही माणूस मीडियम बघितलेला नाही. शेवटी त्याचा जुना शर्ट मागवून घेतला. फोन ठेवता ठेवता विचारलं, "आणि झग्याचं कापड रे?"

"काका, फोटोत आहे तसं. सेम टू सेम." मग मी पुढं काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी भागूजीभाऊ आणि ठकूवहिनी जीपमधून दोन घोंगड्या घेऊन उतरले. स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीच्या, लेकीच्या लग्नासाठी म्हणून आधीच विणून ठेवलेल्या. चिंचोक्याची खळ दिलेल्या, त्यामुळं ताठ. मी कात्री हातात घेतली, तर ठकूवहिनींनी माझं मनगटच धरलं.

"कात्री न्हाई लावायची."

"वहिनी, शिंप्यानं कात्री लावायची नाही, तर काय फुंकर मारायची?"

"लोकर येकदा कातरली मेंढराच्या अंगावरनं. घोंगडी झाल्यावर परत न्हाई कातरायची. आमच्या घरात तशी रीत हाय. सुई चालंल."

झालं! कात्रीशिवाय झगा. घडी घाला, चुण्या घाला, पण कापायचं नाही. मशीनवर घेतली तर तीन सुया मोडल्या. मग पोती शिवायचा दाभण आणला आणि हातानं सुरुवात केली. दोन घोंगड्या टोकाला टोक जोडल्या, शेपटाची लांबी आली. छातीवरच्या बिल्ल्याला आमच्या मंडळीचा कंबरेचा चांदीचा छल्ला मिळाला, चार साखळ्या लोंबणारा. तिनं तो देताना माझ्याकडून जे काय कबूल करून घेतलं ते इथं सांगत नाही.

पण खांदे काही उभे राहीनात. कॉलरीत घालतात ते कडक बकरम घातलं, तरी पडले. पुठ्ठा घातला, तो दिसला. शेवटी आत दोन स्टीलच्या वाट्या घालून टाचल्या, तर दुकानामागच्या घरातून मंडळीचा आवाज आला, "माझ्या आमटीच्या वाट्या कुठं गेल्या?" चार दिवस असा छळ. पाचव्या दिवशी भागूजीभाऊ कुठपर्यंत आलं ते बघायला आले.

"काय अडलंय, मास्तर?"

"खांदा अडलाय."

त्यांनी घोंगडी उचलली, एक झटका दिला, डोक्यावरून अशी काही फिरवून अंगाभोवती घेतली की दोन्ही खांदे कानापर्यंत उभे! फोटोतल्यापेक्षा ताठ. "पावसात मेंढरामागं आमी अशीच घेतो," ते म्हणाले. मी ओरडलो, "भाऊ, हलू नका!" आणि खडू घेऊन धावलो. घडी न घडी त्यांच्या अंगावरच खुणा करून कच्ची टाचली. दोन तास लागले. माणूस काठीवर भार देऊन जागचा हलला नाही. बाहेर जीपवाला "जुन्नर, जुन्नर" करून घसा फोडत होता, त्याच जीपनं त्यांना जायचं होतं, पण नाही हलले. मी चाळीस वर्षं खांदे बसवतो म्हणून मिरवायचो. ते त्या दिवशी जिरलं.

मधल्या काळात भागूजीभाऊंनी गावभर करून ठेवलं होतं, "जावयानं घोंगडी मागितली." पारावर सांगितलं, डेअरीवर सांगितलं, मेंढरांनाही सांगितलं असणार. एरवी मेंढरांवरून त्यांना चिडवणारे भाऊबंद गप्प झाले होते. हे माझ्या कानावर आलं. पोरगं नाही म्हणालं तर? या माणसानं गावात तोंड कुठं दाखवायचं?

लग्नाचा दिवस. ऊन असं की देवळाच्या फरशीवर पाय ठरेना. आकाश आला, दिसायला उमदा, हातात कट्यार, कट्यारीच्या टोकाला लिंबू. मीडियम कोट अंगात चपखल बसला, पोरगं खूश. मग मी झगा उलगडला.

आकाशनं बोटानं चाचपला. "काका, हे... घोंगडं आहे?"

बबनराव मागून पुढं आले. "काय? घोंगडं? आमच्यात मेंढरं सोडून दोन पिढ्या झाल्या! आता सगळ्या पाहुण्यांपुढं पोराला घोंगडं पांघरून फिरवू का?"

 वाजंत्रीवाल्यानं तोंडातली पिपाणी काढली. भागूजीभाऊ उभे होते तिथंच होते, हातात नवं उपरणं. त्यांना राग आला नव्हता, त्यांना समजतच नव्हतं. ते आकाशकडं बघून म्हणाले, "पर तुमीच मागितली न्हवं?"

मी तिथंच मारुतीला म्हटलं, बाबा, आता तू बघ. आकाशनं खिशातून मोबाईल काढला. फोटो बघितला, झगा बघितला, परत फोटो बघितला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी मान खाली घातली. त्याला सगळं कळलं. मखमल, माझं गप्प बसणं, सासऱ्याचा आनंद, सगळं. त्यानं मोबाईल परत खिशात ठेवला.

"हो," आकाश म्हणाला. "मीच मागितली. घाला मास्तर."

त्या क्षणाला मी त्या पोराला मनात सगळे मीडियम माफ केले. बबनराव फणफणत देवळाबाहेर गेले. मी झगा चढवला, छल्ला लावला, आणि तेव्हा लक्षात आलं की मी काय करून ठेवलंय.

मेंढपाळ घोंगडी घेतो तेव्हा उजवा हात काठीसाठी मोकळा असतो आणि डावा हात आतून घोंगडी धरून असतो. मी खुणा केल्या त्या भागूजीभाऊंच्या अंगावर. आणि टाके कसे, तर पोत्याच्या दाभणाचे. नवरदेवाचा डावा हात आत गेला तो गेलाच! बाहेर यायला वाटच नाही. त्यानं आतून हलवून बघितला, मी बाहेरून चाचपून बघितला. "राहू दे," मी कानात म्हणालो, "हिरोचा बी एकच हात दिसतोय फोटोत." शिंप्याला वेळेवर खोटं बोलता आलंच पाहिजे.

मिरवणूक मात्र काय दिसली! काळा झगा, उभे खांदे, मागं दोन पुरुष शेपूट. लाल गालिचा नव्हता, मांडवाच्या दारापासून हिरवी मॅट टाकली होती, तिच्यावरून चालला. बायका म्हणाल्या, "अगं बया, राजावाणी दिसतोय!" भागूजीभाऊ शेजारून चालत होते, छाती काढून. त्यांच्या छातीचं माप मी तेव्हा घ्यायला हवं होतं.

मग लोकर आपलं काम करू लागली. नवी घोंगडी, वैशाखातलं ऊन, त्यात कॉलरपाशी मानेला घासणारी. मंगलाष्टकं सुरू झाली आणि आकाश आधी मान हलवायला लागला, मग खांदे, मग सगळाच. पहिल्या रांगेतली म्हातारी म्हणाली, "अंगात आलं काय रं पोराच्या?" तिसऱ्या अष्टकाला त्यानं कट्यार उलटी धरून पाठीमागून झग्यात घातली आणि खसाखसा खाजवलं. लिंबू आत पडलं. ते लिंबू शेवटपर्यंत कुठं गेलं, ते कुणाला कळलं नाही. अक्षता पडत होत्या त्या लोकरीत अडकून बसत होत्या, पाच मिनिटांत काळ्या झग्यावर पिवळी नक्षी.

हार घालायची वेळ आली. भटजी म्हणाले, "दोन्ही हातांनी घाला."

"दुसरा आत आहे," आकाश म्हणाला.

भटजींना वाटलं चेष्टा करतोय. शेवटी एका हातानं हार फेकला, तो रुपालीच्या मुंडावळ्यांत अडकून कानावर लोंबला. अख्खा मांडव पोट फुटेस्तोवर हसला. रुपाली हसली नाही. ती आपल्या नवऱ्याचे उभे खांदे निरखून बघत होती, तिच्या बापाची घडी तिनं ओळखली होती.

खरी गंमत पुढं. सप्तपदीच्या आधी नवरानवरीच्या पदरांची गाठ मारतात. करवलीनं बिचारीनं रीतीप्रमाणं झग्याचं टोक शोधलं. टोक मागं दोन पुरुष अंतरावर. तिथं गाठ मारली. आता नवरा पुढं आणि नवरी त्याच्या मागं एवढी लांब की मधून एखादं मेंढरू गेलं असतं. होमाभोवती फेरा सुरू झाला. होम छोटा, शेपूट मोठं. आकाश फिरून आला तो थेट स्वतःच्या बायकोच्या पाठीमागं! कोण कुणाच्या मागं चाललंय ते भटजींनाही सांगता येईना. तेवढ्यात काठ विस्तवाला लागला, जळक्या लोकरीचा वास आला आणि ठकूवहिनी ओरडल्या, "घोंगडी! घोंगडी!"

"थांबा," रुपाली म्हणाली.

ती मागं फिरली. गाठीसकट ते टोक उचललं, पायानं ठिणगी विझवली, आणि दोन्ही हातांनी घोंगडी धरून असा एक झटका दिला की माझे टाके तटातट तुटले. दाभणाचे, दुहेरी दोऱ्याचे, चार दिवसांचे टाके! बिल्ला निखळून माझ्या पायाशी पडला. दोन घोंगड्या सुट्या झाल्या. एक तिनं बापाच्या हातात दिली. दुसरी, गाठ बांधलेली, झटकून आधी आकाशच्या डोक्यावरून घेतली आणि मग स्वतःच्या. "डावा हात काढा भाईर," ती म्हणाली. त्यानं काढला, आणि पहिल्यांदा काय केलं, तर मान खाजवली.

उरलेले फेरे त्यांनी एका घोंगडीत शेजारी शेजारी चालून पुरे केले. मी चाळीस वर्षांत केलेलं सगळ्यात अवघड काम दीड तास टिकलं. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण घोंगडीला कात्रीचा एक चरा नव्हता.

जेवणं सुरू झाली. भागूजीभाऊंनी हातातली सुटी घोंगडी मांडवात अंथरली, काठ सारखे केले, आणि व्याह्यांना घोंगडीवर बसवून जेवू घालायचं म्हणून बबनरावांना बोलावलं. बबनराव आले, पण उभेच राहिले. परीटघडीची सफारी, पायात बूट. भागूजीभाऊंचा चेहरा पुन्हा देवळातल्यासारखा झाला. सगळ्यांनी हातातले घास खाली ठेवले.

"बसा की, विहीबुवा."

"कसा बसू?" बबनराव म्हणाले. आवाज देवळातला नव्हता. "आमच्या आबाची व्हती असली. काळीच. आबा गेल्यावर मी टेम्पोच्या बॉनेटवर टाकली. थंडीत गाडी चालू व्हत नव्हती पहाटं, म्हणून. चार वर्सं टाकली. पार चिंध्या झाल्या तिच्या."

भागूजीभाऊंनी घोंगडीची एक सुरकुती हातानं सारखी केली.

"गाडी चालू व्हायची?"

"व्हायची."

"मंग ऊब दिली की तिनं. बसा."

बबनरावांनी बूट काढले, मोजेही काढले, आणि बसले.